कुत्रं आडवं आलं नव्हतं

कादंबरीकाराने खोटं लिहिलं तर त्याला मानधन मिळतं आणि बँकेच्या अधिकाऱ्याने खोटं लिहिलं तर त्याला चार्जशीट मिळतं. मी ३७ वर्षं बँकेत होतो आणि त्यातली बरीचशी वर्षं रात्री कादंबऱ्याही लिहीत होतो. या दोन वह्या मी कधी एकमेकींत मिसळू दिल्या नाहीत. अपवाद एकच. फेब्रुवारी १९८७ मध्ये शाखेच्या लेटरहेडवर मी एका अपघाताचा अहवाल लिहिला. त्यात एक वाक्य असं होतं : ‘अचानक कुत्रे आडवे आल्याने वाहनावरील ताबा सुटला.’

कुत्रं आडवं आलं नव्हतं. त्या भर दुपारी त्या रस्त्यावर चिटपाखरूही नव्हतं. पण खरं काय झालं ते मला स्वतःलाच कळलं नव्हतं, आणि ‘मोटारसायकलचं हँडल आपोआप लटपटायला लागलं’ असं लिहिलं असतं तर वरिष्ठांनी मला वेड्यात काढलं असतं, असं मी तेव्हा मनाला समजावलं. ते का लटपटलं हे समजायला पुढे मला बरीच वर्षं लागली. त्या समजण्याची ही हकीकत आहे. मोटारसायकलवर बसणाऱ्या प्रत्येकाने, आणि घरातलं कुणी मोटारसायकलवर बसतं म्हणून रात्री फाटकाच्या आवाजाकडे कान लावून बसणाऱ्या प्रत्येकाने, ती वाचावी अशी माझी इच्छा आहे.

तेव्हा मी माण तालुक्यातल्या एका शाखेत शेतीकर्जांचं काम बघत होतो. वय २८. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाचे दिवस होते. शेळ्या, मेंढ्या, म्हैस, विहिरीवरचं इंजिन यासाठी कर्ज द्यायचं, आणि मग ज्या शेळीवर कर्ज दिलं ती शेळी दावणीला आहे की कुणाच्या ताटात गेली हे बघायला वाडीवस्तीवर जायचं. शेळीच्या कानातला विम्याचा बिल्ला तपासताना तिची शिंगं खाणं हाही नोकरीचाच भाग. एसटी दिवसातून दोनदा. म्हणून बँकेच्याच सवलतीच्या कर्जातून मोटारसायकल घेतली. माणदेशातल्या दगडगोट्यांच्या वाटांवर तिने चार वर्षं इमानेइतबारे काढली.

तिने इमान राखलं. मी राखलं नाही. दोन महिने ब्रेक दाबला की पुढून ‘टक्’ असा बारीक आवाज यायचा. हँडल थोडं मोकळं मोकळं लागायचं. पुढचा टायर गुळगुळीत झाला होता आणि त्यात हवा किती आहे हे मी बुटाच्या टोकाने ठरवत असे. फलटणला मिस्त्रीकडे एकदा गाडी टाकायला हवी, हे रोज मनात यायचं. पण मार्च जवळ आला होता, वसुलीचं उद्दिष्ट डोक्यावर होतं. मी ठरवलं, मार्चनंतर बघू. थकबाकीदार आम्हाला रोज हेच वाक्य ऐकवायचे आणि आम्ही त्यांना नोटिसा काढायचो.

शाखेत एक शिपाई होते. सगळे त्यांना मामा म्हणत. माझ्यापेक्षा पंधरा-सोळा वर्षांनी मोठे, अंगाने काटक, गळ्यात तुळशीची माळ. गाव फलटणच्या बाजूचं. ज्ञानेश्वर माउलींची पालखी आषाढात फलटणला मुक्कामाला येते. मामा दरवर्षी तिथून पालखीबरोबर पंढरपूरपर्यंत चालत जात. त्यासाठी वर्षभर रजा साठवून ठेवत. बाकी कशासाठीही रजा मागितलेली मला आठवत नाही.

त्या शनिवारी बँक अर्धा दिवस होती. फलटणच्या शाखेत काही कागद पोचवायचे होते. मामांना बरोबर घेतलं. त्यांनी बाजारातून तीसेक किलो बाजरी घेतली होती, ते पोतं मागच्या कॅरिअरवर बांधलं. कॅरिअर सीटच्याही मागे बाहेर आलेलं. पुढे मी, मध्ये मामा, त्यांच्या पाठीला टेकून बाजरी. मोगराळे घाट मी अगदी जपून उतरलो. घाटात माणूस सावध असतोच. घाट संपला, पुढे सरळ उताराचा रस्ता लागला आणि जरा बरं वाटलं. काटा साठच्या पुढे गेला. डोळ्यांत धूळ गेली म्हणून मी चष्मा सारखा करायला डावा हात उचलला आणि उजव्या हाताने अॅक्सिलरेटर एकदम सोडला.

आधी वाटलं रस्ता खडबडीत आहे. मग दिसलं की रस्ता गुळगुळीत आहे आणि हँडलच डावीकडे-उजवीकडे थरथरतंय. चाळणी हलवावी तसं. डावा हात परत टेकवेपर्यंत थरथरीचा हेलकावा झाला. ताशी ६५ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १८ मीटर. विचार करायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात गाडी चार-पाच घरं मागे टाकते. मी विचार केलाच नाही. तीन गोष्टी केल्या. हँडल जिवाच्या आकांताने आवळलं, दोन्ही कोपरं ताठ केली आणि पुढचा-मागचा ब्रेक एकदम दाबला. हँडलने एक जबर झटका दिला, आणि पुढचं मला आठवतं ते बाजरी सांडल्याचा आवाज.

माझी हाताची-गुडघ्याची कातडी गेली, चष्मा फुटला. मामा कडेच्या दगडावर आदळले. उजव्या मांडीचं हाड खुब्याजवळ मोडलं. हेल्मेट दोघांच्याही डोक्यावर नव्हतं. डोकी वाचली हा निव्वळ योग. साताऱ्याला शस्त्रक्रिया झाली. मामा पाच महिन्यांनी कामावर आले ते लंगडत. उजवा पाय थोडा आखूड झाला तो कायमचा. त्या वर्षी आषाढात ते वारीला गेले नाहीत. त्यानंतर कधीच चालत गेले नाहीत. पालखी फलटणला आली की एसटीने जाऊन दर्शन घ्यायचे आणि संध्याकाळच्या गाडीने परत यायचे.

अहवाल मी अपघातानंतर तिसऱ्या दिवशी लिहिला. मामांची सही हवी होती, म्हणून दवाखान्यात गेलो. वाचून दाखवला. कुत्र्याचं वाक्य आलं तेव्हा माझा आवाज जरा खाली गेला. मामांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “व्हय सायेब. कुत्रं व्हतंच की.” आणि सही केली.

गाडी टेम्पोत घालून फलटणच्या मिस्त्रीकडे नेली. त्यांनाही मी कुत्र्याचीच गोष्ट सांगितली. ते काही बोलले नाहीत. गाडी मधल्या स्टँडवर घेतली, इंजिनखाली लाकडी ठोकळा सरकवून पुढचं चाक अधांतरी केलं, समोर उकिडवे बसून दोन्ही हातांनी चिमटा खालून धरला आणि पुढेमागे हलवला. टक्. टक्. मग हँडल हळूच एका बाजूला वळवलं. मधोमध आल्यावर ते खाचेत पडल्यासारखं अडकलं. हँडलच्या दांड्याखाली वर-खाली दोन वाट्या असतात, त्यांत छर्रे फिरतात. गॅरेजात त्याला कोनसेट किंवा बॉल रेसर म्हणतात. मिस्त्रींनी वाटी काढून माझ्या हातावर ठेवली. तिच्यात छर्ऱ्यांनी खड्डे पाडले होते. ते म्हणाले, “साहेब, तुमचं कुत्रं हितं बसलं होतं.”

मी हसलो नाही. पैसे दिले, आणि पुढे किती तरी वर्षं तो विषय मनाच्या तळाशी ढकलून ठेवला. २०१९ मध्ये निवृत्त झाल्यावर हाताशी वेळ आला, तेव्हा मी या लटपटीचं शास्त्र वाचायला घेतलं. मी वाणिज्य शाखेचा माणूस. गणिताची समीकरणं मला कळली असं म्हणणार नाही. पण मूळ गोष्ट कळते, आणि ती कुणालाही कळण्यासारखी आहे.

विमानतळावर किंवा मोठ्या दुकानात ढकलगाडी घेतली आहे ना? तिची पुढची छोटी चाकं आठवा. चाक ज्या खिळ्याभोवती फिरतं, त्या खिळ्याच्या थोडं मागे ते जमिनीला टेकलेलं असतं. गाडी ढकलली की चाक आपसूक खिळ्याच्या मागे येऊन सरळ होतं, दोरीने ओढलेल्या वासरासारखं. मोटारसायकलचं पुढचं चाकही असंच आहे. हँडलचा दांडा तिरपा असतो. त्याची रेघ मनाने खाली वाढवत नेली तर ती जमिनीला जिथे भिडेल, त्याच्या साधारण आठ ते बारा सेंटिमीटर मागे टायर जमिनीला टेकलेला असतो. या अंतराला इंग्रजीत ‘ट्रेल’ म्हणतात. त्यामुळे चाक जरा वाकडं झालं की रस्ताच त्याला ओढून सरळ करतो. गाडीला सरळ जायचं असतं. तिला सरळ ठेवण्याचं बरंचसं काम तीच करत असते आणि श्रेय आपण घेतो.

आता त्याच ढकलगाडीचं एखादं चाक वेग वाढला की फडफडायला लागतं, हेही तुम्ही पाहिलं असेल. चाक सरळ होताना नेमकं मध्यावर थांबत नाही. झोपाळा जसा मधला बिंदू ओलांडून पलीकडे जातो, तसं ते पलीकडे जातं. मग तिकडून परत ओढलं जातं. चांगल्या गाडीत हा हेलकावा दोन-तीन वेळांत मरतो, कारण नीट बसलेले छर्रे, पुरेशी हवा भरलेला टायर आणि चालवणाऱ्याचे सैल हात त्याची ताकद खाऊन टाकतात. ही खाण्याची ताकद कमी पडली, तर हेलकावा मरायच्या ऐवजी वाढत जातो. त्याला वाढायला खड्डा लागत नाही. गाडी पुढे जाते आहे त्या वेगातूनच तो आपलं खाद्य घेत राहतो. म्हणून गुळगुळीत रस्त्यावरही हे होतं, आणि म्हणूनच माणूस चक्रावतो.

या लटपटीत हँडल सेकंदाला साधारण चार ते दहा वेळा इकडेतिकडे होतं, आणि गाडीचा वेग बदलला तरी हा ठेका फारसा बदलत नाही. तो त्या यंत्राचा स्वतःचा ठेका असतो. वेगाबरोबर थरथरीचा ठेकाही वाढत गेला, तर दोष बहुधा वेगळा असतो. रिम आउट आहे किंवा चाकाचा तोल गेला आहे. अनेक गाड्यांत लटपटीची ओढ ताशी ६० ते ८० च्या दरम्यान जास्त असते, विशेषतः वेग उतरत असताना आणि हात हँडलवरून सुटलेले असताना. माझ्याकडून नेमकं हेच घडलं होतं. याहून निराळा प्रकार म्हणजे डोलणं. त्यात एकटं हँडल हलत नाही, सगळी गाडीच सेकंदाला दोन-तीन वेळा सापासारखी डोलते. तो जास्त वेगात येतो, आणि मागे टांगलेलं ओझं त्याला खतपाणी घालतं.

शास्त्रज्ञांनाही हे कोडं सहजी सुटलं नाही. सायकल उभी कशी राहते याची नीट समीकरणं केंब्रिजच्या फ्रान्सिस व्हिपल यांनी १८९९ मध्ये मांडली. १९७० मध्ये डेव्हिड जोन्स नावाच्या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने उलटा घाट घातला. जिच्यावर बसताच येणार नाही अशी सायकल बनवायची, म्हणजे नेमकं काय काढून घेतल्यावर ती पडते ते कळेल. फिरत्या चाकाचा भोवऱ्यासारखा परिणाम त्याने दुसरं चाक उलटं फिरवून नाहीसा केला, तरी सायकल चालवता आलीच. ट्रेल बिघडवला तेव्हा मात्र अवघड झालं. पुढच्याच वर्षी, १९७१ मध्ये, रॉबिन शार्प यांनी मोटारसायकलचं गणित मांडलं आणि लटपटणं आणि डोलणं हे दोन वेगळे आजार आहेत हे दाखवलं. आणि हे प्रकरण इथेच मिटलं असं वाटत असताना २०११ मध्ये अमेरिका आणि नेदरलँड्समधल्या संशोधकांनी भोवऱ्याचा परिणामही नाही आणि ट्रेलही नाही अशी एक सायकल बनवून ती आपोआप उभी राहते हे दाखवलं. रोज लाखो पोरं ज्याच्यावर बसून दूध टाकायला जातात, त्या यंत्राविषयी एवढा खल व्हावा, याचं मला कौतुक वाटलं.

पण माझा जीव अडकला होता तो एका साध्या आकड्यात. समजा हँडल सेकंदाला सहा वेळा हलतं. म्हणजे एक पूर्ण हेलकावा व्हायला सेकंदाचा सहावा भाग. आणि डोळ्याने पाहून हाताने हालचाल करायला माणसाला साधारण सेकंदाचा पाचवा भाग लागतो. म्हणजे हँडल डावीकडे गेलं हे पाहून मी उजवीकडे ढकलतो, तोवर ते उजवीकडे जाऊन, परत डावीकडे येऊन, पुन्हा निघालेलं असतं. माझा धक्का त्याला आवरत नाही. कधी कधी त्याच्याच दिशेने पडून त्याला जोर देतो. आम्हा बँकवाल्यांना हे समजायला जड जाऊ नये. फेब्रुवारीतल्या दुष्काळाबद्दल आपण वर लिहावं आणि त्यावरचं परिपत्रक जुलैत, ओढ्यांना पूर आलेला असताना, शाखेत पोचावं. उत्तर बरोबर असतं. ते उशिरा आलेलं असतं, आणि उशिरा आलेलं बरोबर उत्तर पुष्कळदा नुकसान करतं.

म्हणूनच हँडल लटपटायला लागलं की काय करायचं याचं उत्तर मनाविरुद्ध आहे. हँडलशी झुंजायचं नाही. पकड राहू द्यायची, पण कोपरं वाकलेली आणि खांदे सैल. म्हणजे हात स्प्रिंगसारखे हेलकावा जिरवतात. दोन्ही गुडघ्यांनी टाकी घट्ट आवळायची, म्हणजे अंगाचा आधार हँडलवरून निघून गाडीच्या अंगावर जातो. छाती खाली आणि पुढे न्यायची, म्हणजे पुढच्या चाकावर वजन येतं. अॅक्सिलरेटर हळूहळू उतरवायचा, एकदम सोडायचा नाही. ब्रेकला हात लावायचा नाही. ब्रेक दाबला की लटपट आणखी भडकू शकते, आणि हेच सर्वांत कठीण आहे, कारण घाबरलेल्या माणसाचा पाय ब्रेककडे आपोआप जातो. वेग आणखी वाढवला की लटपट थांबते असं सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांचं ऐकू नये. थांबली नाही तर जास्त वेगात पडायची तयारी झालेली असते. वेग उतरू लागला की बहुतेक वेळा हेलकावा काही सेकंदांत आपण होऊन शमतो. तो शमल्यावर मग बेताने ब्रेक लावून कडेला थांबायचं. आणि थांबल्यावर ‘गेलं एकदाचं’ म्हणून पुन्हा किक मारायची नाही. आधी खाली उतरून कारण शोधायचं.

कारणंही फार नसतात. कोनसेट सैल असणं हे पहिलं. तो फार आवळलेला असणंही वाईट, मग गाडी संथ वेगात सरळ रेषेत राहत नाही. पुढचं चाक उचलून हँडल बोटाने ढकललं तर ते दोन्ही बाजूंना अडखळल्याशिवाय पडलं पाहिजे, आणि चिमटा पुढेमागे हलवून पाहिला तर ‘टक्’ होता कामा नये. मग टायरची झीज आणि हवा. हवा बुटाने कळत नाही, मीटरने कळते. चाकाचे बेअरिंग, स्पोक, मागच्या चाकाला धरणाऱ्या आर्मचे बुश, दोन्ही चाकं एका रेषेत आहेत का हे. आणि शेवटी ओझं. ते जितकं मागे आणि जितकं उंच, तितकं पुढचं चाक हलकं होतं. माझ्या गाडीत त्या दिवशी यातली चार कारणं एकाच वेळी बसली होती. पाचवं कारण मी स्वतः होतो.

मला दुसरी संधी मिळाली. १९९५ मध्ये, दुसऱ्या जिल्ह्यात, दुसऱ्या गाडीवर, मी एकटाच असताना हँडल पुन्हा थरथरलं. शास्त्र मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मिस्त्रींनी एकदा बोलता बोलता सांगितलेलं एवढंच आठवलं की ‘साहेब, तिला सोडा, ती आपली आपण सरळ होते’. मी गुडघे आवळले, हात ढिले केले आणि अॅक्सिलरेटर हळूहळू उतरवत गेलो. तीन-चार सेकंद. मग सगळं शांत. मी कडेला थांबलो, आणि सुटकेचं हसू यायच्या ऐवजी मला रडू आलं. एवढंच करायचं होतं. आठ वर्षांपूर्वी एवढंच.

मामा २००४ मध्ये निवृत्त झाले. माझ्या बदल्या होत राहिल्या तरी दिवाळीला त्यांचं पत्र यायचं, पुढे फोन. २०११ च्या आषाढात मी मुद्दाम फलटणला गेलो. पालखी गावात होती. मामा एका दुकानाच्या पायरीवर काठी टेकून बसले होते. समोरून दिंड्या जात होत्या, त्यांच्या पायांकडे ते बघत होते. मी शेजारी बसलो आणि २४ वर्षांनी सांगितलं, “मामा, त्या दिवशी कुत्रं नव्हतं. गाडीचं काम मी टाळलं होतं. आणि वर ब्रेकही मीच मारला.”

त्यांनी टाळांच्या गजरात मान हलवली. म्हणाले, “सायेब, मला तवाच ठावं व्हतं. मागं बसणाऱ्याला फुडचा रस्ता दिसत न्हाय, पर फुडच्याचं खांदं दिसत्यात. तुमचं खांदं आधी दगडावानी झालं, मग गाडी गेली.”

“मग सही का केलीत?”

“तुम्ही भ्याला व्हता. भ्यालेल्या मानसाला काय इचारायचं?” आणि थोड्या वेळाने, “पाय गेला त्येचं न्हाय काय वाटत. पर तुम्ही पुन्यांदा मला गाडीवर बसा म्हनला न्हाई, त्येचं वाटलं.”

हे मला अनपेक्षित होतं. त्या अपघातानंतर मी कधीही कुणाला मागे बसवलं नव्हतं. मला वाटायचं हे माझं प्रायश्चित्त आहे. मामांना ते वेगळंच वाटलं होतं. लंगड्या माणसाला साहेब आता बरोबर नेत नाहीत, असं. मी पुन्हा एकदा चुकीच्या जागी ब्रेक दाबून बसलो होतो. मामा २०१४ मध्ये गेले. तो अहवाल बँकेच्या कुठल्या तरी दप्तरात असेल किंवा रद्दीत गेला असेल. तो दुरुस्त करायला आता जागा नाही, म्हणून हा लेख.

गेल्या वर्षी माझ्या पुतणीचा फोन आला. ती पुण्यात संगणकाच्या कंपनीत आहे. मोटारसायकलने लडाखला जायची तयारी चालली होती. म्हणाली, “काका, नवीन बॉक्स लावल्यापासून ऐंशीला हँडल थरथरतंय. ग्रुपमधले म्हणतात घट्ट धर, काही होत नाही.” मी म्हटलं, “अगं, घट्ट धरू नकोस आणि आता त्या गाडीवर बसूही नकोस. रविवारी घेऊन ये, सावकाश, बॉक्स रिकामे करून.”

ती आली. गाडी माझ्या जुन्या गाडीपेक्षा तिप्पट ताकदीची, डिस्क ब्रेक, एबीएस, सगळं होतं. एबीएस चाक लॉक होऊ देत नाही. पण हँडलची लटपट थांबवणं हे त्याचं काम नव्हे, हे मी तिला आधी सांगितलं. मागे सीटच्याही पलीकडे उंच बॉक्स, त्यावर आणखी एक पिशवी बांधायचा तिचा बेत होता. आम्ही पुढचं चाक उचललं. मी उकिडवा बसलो, या वयात त्याला वेळ लागतो, आणि चिमटा दोन्ही हातांनी धरून पुढेमागे हलवला. अगदी बारीक, कानापेक्षा तळव्याला जास्त जाणवणारी ‘टक्’ लागली. मी तिचा हात तिथे ठेवला. “लागली?” “लागली.” मागच्या टायरमध्येही हवा कमी निघाली. कोनसेट गॅरेजात जाऊन नीट करून घेतला, जड सामान बॉक्समधून काढून सीटवर, जमेल तितकं पुढे आणि खाली बांधलं. संध्याकाळी ती रिकाम्या रस्त्यावर चक्कर मारून आली आणि म्हणाली, थरथर गेली.

निघताना मी तिला एवढंच सांगितलं, की गाडी कधी लटपटली तर आधी आपले खांदे बघ. तिने विचारलं, “खांदे कसे दिसतील काका, मीच चालवत असताना?” मी तिला मामांची गोष्ट सांगितली. ती हेल्मेट हातात धरून पायरीवर बसली आणि शेवटपर्यंत ऐकली. मग म्हणाली, “बसा मागे. कोपऱ्यापर्यंत जाऊन येऊ. तुम्ही माझे खांदे बघा.”

मी बसलो. सैल होते.